जादा पाच लिटर

स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलंय.
मिठाची बरणी तेवढी ठेवलीय काल्देरावर,
म्हणजे आमच्याच घरावर,
नकाशा उडू नये म्हणून.
इथून वर आरिकापर्यंत दोऱ्याने मोजलं:
अकराशे किलोमीटर, थोडं इकडे, थोडं तिकडे.
डावीकडे समुद्र, उजवीकडे वाळवंट,
चुकायला जागाच नाही,
अब्दोन म्हणतो.

अब्दोनला नकाशा दिसत नाही.
मधोमध राखाडी डाग आहे म्हणतो,
ओला कप ठेवून उचलल्यासारखा,
आणि ज्याच्याकडे बघावं
ते नेमकं डागाखाली जातं.
कडेकडेचं दिसतं अजून.
"म्हणजे समुद्र माझा," तो म्हणतो,
"रस्ता तू बघ."

एकतीस वर्षं त्याने तांब्याचे ट्रक हाकले या रस्त्यावर.
मी मासळीच्या पिठाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
गाडी शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी,
मासळी बाजारामागे, पेलिकनांच्या देखत.
दोनदा पडले. भाऊ हसला नाही.
म्हणाला, "क्लच हळू सोड, एर्सिलिया,
माझ्यावर खेकसतेस तसा नको."

तो सांगतो, मी वहीत उतरवते.
चान्यारल: पेट्रोल. साखळीला तेल.
ताल्ताल: पेट्रोल, मुक्काम,
खिडकी वाऱ्याकडे नसलेली खोली मागायची.
पहाटे निघायचं नाही,
धुकं डोंगराला टेकून बसलेलं असतं,
ते उठेपर्यंत दुसरी कॉफी.
मग एका वळणावर
हेर्मोहेनेसचं घरकुल, कोंबडीच्या खुराड्याएवढं,
जिथे त्याचा ट्रक खाली गेला.
तिथे भोंगा तीनदा, आणि पाण्याची बाटली.
"थंड नको. त्याचे दात दुखायचे."

आणि पापोसोच्या पुढे
एक पंप, हिरवा पत्रा,
म्हातारा बाटलीने मोजून पेट्रोल देतो,
सुट्टे पैसे कधीच नसतात त्याच्याकडे.

मी चोरून फोन केला होता त्या बाजूला.
फोनवरचा मुलगा आधी गप्प, मग म्हणाला,
"हिरवा पत्रा? बाई, मी शाळेत होतो
तेव्हाच वाऱ्याने नेला तो."

तरी लिहिलं मी वहीत, नीट अक्षरात:
पंप. हिरवा पत्रा. सुट्टे ठेवणे.
आणि बाजारातून आणला
पाच लिटरचा लाल डबा, भरून,
ठेवला दाराआड.
"काय आणलंस?"
"पाण्याला डबा."

रात्री जेवताना त्याने चमचा खाली ठेवला.
नाक थोडं वर, कुत्र्यासारखं नाही,
ट्रकवाल्यासारखं.
"पाण्याला पेट्रोलचा वास येतोय."

मी बशा उचलू लागले.
बराच वेळ फक्त नळ.

"कधी गेला?" त्याने विचारलं.
पंप की म्हातारा, मला कळलं नाही.
"सोळा वर्षं झाली असतील," मी म्हटलं, दोन्हींचं मिळून.
तो बोटं मोजत राहिला,
त्या सोळांतली किती वर्षं आपण तिथूनच गेलो
आणि थांबलो नाही.

मग म्हणाला, "खोडू नकोस.
तिथेच थांबू, तिथेच डबा ओतू.
सुट्टे असू देत बरोबर."

आता उरलंय ते किरकोळ:
मागच्या टायरची हवा, कारण भाऊ जड आहे.
हातमोजे, त्याचे मला दोन बोटं मोठे.
डॉक्टर सिल्वियाची तारीख, जी पुढे ढकलायची,
तिला कारण न सांगता.
आणि इकीकेनंतरचं पान.
तिथे रस्ता समुद्र सोडून वर चढतो,
दोन्ही बाजूंना तेच ते पिवळं,
कडेला बघण्यासारखं काही नाही.

"तिथे काय लिहू?" मी विचारलं.
अब्दोन खुर्चीतच झोपला होता,
किंवा झोपल्यासारखा.

मी बरणी उचलली, कोशिंबिरीत मीठ कमी होतं.
नकाशा आपला आपणच गुंडाळला गेला,
आरिकाकडून.